भरल्या बोटीचं वजन

७ जानेवारी

भावजी,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नका. घरी सगळे धड आहोत. सगळे म्हणजे काय, दोघंच. मी आहे, तुमचे दादा आहेत आणि जेवणाच्या टेबलावर तीन बोटींचे कागद पसरलेत. कागद हलवायचे नाहीत असा हुकूम आहे, म्हणून आम्ही सध्या ओट्यापाशी उभ्यानं जेवतो.

पत्र मी लिहितेय, पण विचारणारे हे आहेत. "तुझ्या भावजींना शिडांतलं कळतं, त्यांना विचार," म्हणाले. "माझं नाव घालू नकोस. तूच विचारतेयस असं लिही." जसं काही मलाच समुद्रावर जायची हौस आलीय! सात वर्षं झाली, या घरात तुमचा उल्लेख 'तुझे भावजी' असाच होतो. ऐकणाऱ्याला वाटावं, तुम्ही माझ्या माहेरून आलात.

तर काय झालंय ते सांगते. बंदरातल्या वजनकाट्यावरून निवृत्त झाल्यापासून यांचं घरात मन लागत नाही. आधी काही दिवस घरातल्या वस्तू तोलून झाल्या. साखरेचा डबा, इस्त्री, माझी पर्स. मग शिडाच्या बोटींची पुस्तकं आली. आता यांच्या डोक्यानं घेतलंय की घर विकायचं, लांबच्या सफरीची एक बोट घ्यायची आणि पुढचं सगळं पाण्यावर. मला वाटलं, बोलतील आणि विसरतील. पण परवा एक जोडपं घर बघूनही गेलं. मी चहा टाकत होते आणि ती मुलगी पडद्यासाठी स्वयंपाकघराच्या खिडकीचं माप घेत होती. फितीचं दुसरं टोक मीच धरलं. काय करणार, तिचा हात पुरत नव्हता.

बोटी तीन आहेत. कंपन्यांची नावं माझ्या लक्षात राहत नाहीत, म्हणून आम्ही त्यांना निळी, पांढरी आणि जाडी म्हणतो. यांचे प्रश्न सोबतच्या कागदावर आहेत: लांबी, रुंदी, वजन, शिडाचं क्षेत्रफळ, सगळं. त्याचं उत्तर तुम्हीही वेगळ्या कागदावर द्या, म्हणजे मला तो यांच्यापुढे ठेवता येईल.

आणि आता हे फक्त तुमच्यासाठी. भावजी, तिन्ही बोटी टाकाऊ आहेत असं लिहा. काय वाटेल ते कारण द्या. बोलणं नसलं तरी शिडांच्या बाबतीत तुमच्या शब्दापुढे हे जात नाहीत, मला पक्कं ठाऊक आहे. मला हे घर सोडायचं नाही. साठी उलटली, गुडघे कुरकुरतात. कपाटं आवरून, भांडी वाटून, कुठल्याशा डुगडुगत्या खोलीत नवा संसार मांडायचं त्राण माझ्यात उरलेलं नाही. एवढं एक खोटं बोला माझ्यासाठी.

तुमची,
वहिनी


२ फेब्रुवारी

भावजी,

धन्य आहे तुमची! मी एक ओळ खोटं मागितलं, तुम्ही चार पानं खरं पाठवलंत. सोबत चिठ्ठी काय, तर "वहिनी, बोटीबद्दल खोटं लिहवत नाही." सख्खे भाऊ आहात, शंकाच नको.

कागद यांच्या हातात दिला तर घेतला नाही. "वाच," म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मग मी वाचलं. साध्या भाषेत लिहिलंत म्हणून मलाही कळलं, हे मात्र कबूल करते. बोटीच्या वजनाच्या मानानं शीड किती, हा पहिला आकडा. पंधराच्या खाली असला तर बोट रांगते, विसाच्या वर गेला तर उधळते, सफरीला सोळा-सतरा बरा. लांबीच्या मानानं वजन किती, हा दुसरा. तो मोठा असला तर बोट लाटेत सावकाश डुलते, आत बसलेल्यांची हाडं खिळखिळी होत नाहीत. आणि तिसरा उलटण्याचा. बोट किती रुंद आणि किती जड यावरून तो काढतात. दोनच्या खाली हवा.

निळीबद्दल तुम्ही लिहिलंत की शिडाच्या मानानं ती फार जड आहे, मंद वाऱ्यात इंजिनावरच चालवावी लागेल. यावर हे "बरोबर" म्हणाले. जाडीबद्दल लिहिलंत, ती निळीहून आळशी. त्यावरही "बरोबर." पांढरी वेगवान आहे पण तिचा तिसरा आकडा दोनच्या वर जातो, असं वाचल्यावर सरळ ओट्याशी जेवायला गेले.

बोलले ते जेवण झाल्यावर. "ते वजन रिकाम्या बोटीचं आहे," म्हणाले. कंपनी छापते ते नुसत्या बोटीचं. त्यात पाणी नाही, डिझेल नाही, नांगराची साखळी नाही, डबे नाहीत, माणसं नाहीत. मुलीचा दाखवायचा फोटो असतो ना, तसं ते वजन. "बोट भरल्यावर किती, ते विचार त्यांना. पुन्हा सगळे आकडे भरल्या वजनावर काढून पाठवायला सांग." म्हणजे पुन्हा मी, पुन्हा टपाल. मी काय या दोन घरांमधली पोस्टमन आहे?

तो उलटण्याचा आकडा वाचताना मलाही जुनं आठवलं. तुम्हाला कळलंच असेल का ते. सात वर्षांपूर्वी तुम्ही शर्यतीसाठी आपल्या जुन्या बोटीच्या तळातल्या, तोल धरणाऱ्या लोखंडी विटा काढून धक्क्यावर रचून ठेवल्यात, आणि शर्यत जिंकल्याच्या आनंदात सांगायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं तीच बोट घेऊन निघालो. बोट आडवी झाली, मी पाण्यात गेले, मच्छीमारांनी काढलं, दोन दिवस सर्दी झाली. माझ्या लेखी गोष्ट तिथेच संपली. यांच्या लेखी ती अजून चालूच आहे. तुम्ही तेव्हा तीनदा माफी मागितलीत आणि चौथ्यांदा गाव सोडलंत. मी तुमच्याविषयी मनात काहीही ठेवलेलं नाही, हे आधी सांगितलंय, पुन्हा सांगते.

तुमचं शिडं शिवायचं काम कसं चाललंय, ते लिहीत नाही तुम्ही. लिहा की.

वहिनी


२४ फेब्रुवारी

भावजी,

काल बोटी बघून आलो. अंग ठणकतंय. एकूण सात शिड्या चढले-उतरले असेन.

जाडी बाद झाली. आत शिरल्या शिरल्या डिझेलचा असा भपकारा आला की माझं डोकंच उठलं. यांनी तळातली एक फळी उचलली, खाली हात घातला, काळं बोट बोटींच्या दलालाला दाखवलं. दलाल बिचारा भला माणूस आहे, त्यानं खिशातून स्वतःचा रुमाल काढून दिला. निळी आधीच कुणीतरी घेऊन गेलं होतं. उरली पांढरी.

आता तुम्हाला जे सांगते ते यांना कळता कामा नये. मला ती आवडली, हो.

म्हणजे आवडायला नको होती. मी तोंड वाकडं करूनच चढले होते. दलाल म्हणाला, "काकू, पाय जपून," तर मी त्याच्यावरही खेकसले. पण आत छोटंसं स्वयंपाकघर आहे, आणि शेगडी भिंतीला नुसती दोन कड्यांवर टांगलेली. त्यानं मला दाखवलं: बोट कितीही कलली तरी शेगडी आपली सरळच राहते, वरचं भांडं सांडत नाही. मी बोटानं ढकलून बघितली. डुलली, थांबली, सरळ. पुन्हा ढकलली. हे वर डोलकाठीचं काय ते बघत होते आणि मी खाली मनातल्या मनात डबे लावून मोकळी! डाळी इथे, चहा-साखर तिथे, चष्मा ठेवायला तो कोनाडा. बायकांच्या जातीचं हे असंच आहे, कुठे नेऊन सोडा, आधी मांडणी बघणार.

तुमचा दुसरा कागद यांना वाचून दाखवला. सामान, पाणी आणि माणसं धरून पांढरीचा उलटण्याचा आकडा दोनच्या अगदी काठावर येतो असं तुम्ही लिहिलंत. पुढे जे लिहिलंत तेही वाचलं मी: की या आकड्यावर फार विसंबू नका, बोटीत जितकं वजन टाकाल तितका तो सुधारत जातो, पण वजन कुठे आहे ते त्याला कळत नाही. डोलकाठीच्या टोकाला लोखंड बांधलं तरी तो म्हणेल, बोट आता जास्त सुरक्षित झाली. वाचून मला हसूच फुटलं. हे हसले नाहीत. "पुढे वाच," म्हणाले.

तुम्ही एकदा येऊन ती बघून जा ना. "यायला जमत नाही" एवढंच लिहिता दर वेळी. काय जमत नाही? शिडांचं काम बंद केलंय म्हणता, मग वेळच वेळ आहे. दादांपुढे उभं राहायला पाय उचलत नाहीत, असंच ना? आता दोघांनीही तो हट्ट सोडावा. माझा जीव मेटाकुटीला आला तुमच्यामध्ये उभं राहून.

आणि घराचं? घर अजून माझं आहे. पण आज सकाळी मी माळ्यावरचे दोन खोके उगाचच उघडून बघितले, काय टाकता येईल म्हणून. मनाचं काही सांगता येत नाही.

वहिनी


१५ मार्च

भावजी,

तुमची दोन्ही पत्रं मिळाली. उत्तर द्यायचं मनात नव्हतं, कारण मनात दुसरंच काहीतरी धुमसत होतं. आता कुणाला तरी सांगितलंच पाहिजे, आणि ऐकायला दुसरं कुणी नाही.

मंगळवारी दुपारी आम्ही पांढरीचा शेवटचा हिशेब करायला बसलो. दलालाला उत्तर द्यायचं होतं. हे आठवून आठवून एकेक वजन सांगणार आणि मी मांडणार, असं ठरलं. मी गॅसवर वरण ठेवून बसले, आणि खोटं कशाला सांगू, जरा खुशीतच होते. पाणी झालं, डिझेल झालं, नांगर आणि साखळी झाली, वाळलेलं धान्य झालं, जादाची शिडं झाली.

"माणसं?" मी विचारलं.

"दोन. चौऱ्याहत्तर अधिक नव्वद."

मी लिहिलं. मग लिहिलेलं वाचलं. "अहो, मी बावन्न किलोची आहे. माझी काय म्हैस करताय?"

मला वाटलं, चुकले असतील, वय झालं. म्हणून मी नव्वद खोडायला गेले तर म्हणाले, "असू दे. खाली शिवणयंत्र लिही. चाळीस."

आमच्या घरात शिवणयंत्र नाही, भावजी. कधीच नव्हतं. जाडं कापड शिवायचं चाळीस किलोचं यंत्र आमच्या ओळखीत एकाच माणसाकडे आहे.

मी पेन ठेवलं. "आणि मी?"

"तू ताईकडे. तिची मागची खोली रिकामीच असते. मी बोललोय तिच्याशी."

माझ्या सख्ख्या बहिणीशी यांचं बोलून झालं होतं! मला पत्ता नाही! दोघींचा दर रविवारी फोन असतो, ती तोंडातून अवाक्षर काढत नाही! मी घर सोडायला तयार नव्हते, मग कशीबशी मनाची तयारी केली, डबे लावले, खोके उघडले, आणि हे सगळं कशासाठी, तर ताईच्या मागच्या खोलीत तिची जुनी गादी झटकायला. मला काय म्हणायचंय कळतंय ना तुम्हाला? समुद्रावर न्यायचं नव्हतं म्हणून मी चिडलेली नाही. न्यायचं की नाही हा प्रश्नसुद्धा मला कुणी विचारला नाही. इतकी वर्षं या माणसाबरोबर काढली. सगळ्या जगाचं वजन केलं त्यांनी, आणि हिशेबात मीच नाही.

मग मीही हट्टाला पेटले. तुमचे नव्वद आणि यंत्र काढून टाकलं. माझे बावन्न घातले, कपडे-सामान धरून सदुसष्ट केले, आणि तुम्ही शिकवलंत तसा उलटण्याचा आकडा काढला. दोनच्या वर पाच सहस्रांश. नापास. मग पुन्हा तुम्हाला घातलं. एक पूर्णांक नऊशे अठ्ठ्याण्णव सहस्रांश. पास. म्हणजे भाऊ बरोबर असला तर बोट सुरक्षित, बायको असली तर बुडणार. आहे की नाही गणित?

वरण करपलं. मी तसंच वाढलं. यांनी तसंच खाल्लं.

यात तुमचा काही दोष नाही, तुम्हाला तर कुणी विचारलेलंही नाही. पण राग आलाय, आणि तो तुमच्यावरही आलाय. खोटं का बोलू? नव्वद किलोचे झालात म्हणून आलाय असं समजा.

वहिनी


२७ मार्च

भावजी,

मागच्या पत्रात फार बोलले. पाठवून झाल्यावर वाटलं, पोस्टाच्या पेटीत हात घालून परत काढावं.

मी यांच्याशी बोलणं टाकलं होतं. भांडणात गप्प बसायची पाळी नेहमी यांची असते, त्यामुळे या वेळी दोघंही गप्प, आणि घरात फक्त फ्रीजचा आवाज. शेवटी परवा कपडे वाळत घालताना हे मागून आले आणि चादरीचं दुसरं टोक धरून उभे राहिले. चादर दोरीवर गेली तरी टोक सोडेनात.

"मी तुला पाण्यात पाहिलंय एकदा," म्हणाले. "डोकं वर यायला वेळ लागला होता. मला ते परत बघायचं नाहीये."

"मग बोट घेऊ नका."

"जमिनीवर मला करमत नाही गं. काय करू सांग."

मी म्हटलं, मला नाही न्यायचं ते एक ठीक, पण मग भावजींचं काय? त्यांनीच ना त्या विटा काढल्या होत्या? आणि त्यांच्या वजनाशिवाय आकडा पास होत नाही हे सोंग कशाला? तुम्ही काट्यावर जन्म काढलात, वजन कुठे आहे हे न बघणारा हिशेब तुम्ही कुणाला करू दिला असतात का? भावजींनी तर लिहूनच पाठवलंय, की त्या आकड्यावर विसंबू नका म्हणून.

"माहीत आहे मला," म्हणाले. "तो लिहिण्याआधीपासून माहीत आहे."

'तो' म्हणाले, भावजी. 'तुझे भावजी' नाही. सात वर्षांनी.

तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. यांना नव्वद किलो नकोच आहेत. तेवढ्या वजनाच्या चार वाळूच्या पिशव्या टाकल्या असत्या. यांना तुम्ही हवे आहात. नुसतं 'ये' म्हणणं घशाखाली उतरत नाही, म्हणून तुमच्याशिवाय बोट पास होणार नाही अशी तजवीज करून ठेवलीय. स्वतःच केलेला खोटा हिशेब, आणि आता तोच धरून अडून बसलेत.

मला हसावं की रडावं कळेना. मी तिथेच चिमट्यांची टोपली घेऊन खाली बसले. वाईट वाटायचं ते वाटतंच आहे, माझी जागा कुठे हे अजून कुणी सांगितलेलं नाही. त्या मापं घेणाऱ्या मुलीचा परवा पुन्हा फोन आला, भिंतींचा रंग कधीचा आहे म्हणून विचारत होती. दहा एप्रिलला त्यांना पक्कं सांगायचंय, दलालालाही त्याच दिवशी. पण तुम्हा दोघा भावांतलं हे एक जरी सुटलं ना, तरी माझ्या खांद्यावरचं ओझं निम्मं होईल. म्हणून सांगते: या. एकदा या, आणि समोर उभे राहा. ते 'ये' म्हणणार नाहीत, मी म्हणतेय.

आणि कृपा करून "जमत नाही" हे दोन शब्द आता लिहू नका. तुमच्या मागच्या पत्रात मोजून तीन ओळी होत्या, त्यातली एक तीच. अक्षरही कसं, मुंगी पायाला शाई लावून गेल्यासारखं. लिहायचाही कंटाळा! घरात बसून अंगात आळस भरलाय तुमच्या, दुसरं काही नाही.

वाट बघतेय.

वहिनी


११ एप्रिल

भावजी,

काल फोनवर तुम्ही काय ऐकलंत ते तुम्हाला माहीत आहे. इकडे काय झालं ते दिसलं नसेल, म्हणून लिहितेय. हे पत्र आमच्या आधी पोचेल की आमच्यानंतर, सांगता येत नाही. तरी लिहिते. सवय लागली आता तुम्हाला लिहायची.

दुपारी मी मटार सोलत होते. दलालाचा फोन येऊन गेला होता, संध्याकाळपर्यंत हो की नाही कळवा म्हणून. हे बराच वेळ कागदांसमोर बसून होते. मग उठले आणि फोन हातात घेतला. मला वाटलं, दलालालाच लावताहेत. ऐकायला कमी येतं म्हणून स्पीकर चालू केला. पलीकडून तुमचं "हॅलो" आलं, आणि माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

तुम्हाला वाटलं असेल, इतक्या वर्षांनी भाऊ काहीतरी बोलेल. आणि यांनी विचारलं काय, "वजन किती तुझं सध्या?" मी कपाळावर हात मारून घेतला. पण भावजी, तो प्रश्न विचारायला या माणसाला काय पडलं असेल ते मी समोर बसून बघत होते. फोन धरलेला हात दुसऱ्या हातानं धरून ठेवला होता.

तुम्ही म्हणालात, "अठ्ठावन्न."

मी हळूच यांना म्हटलं, "चुकीचं ऐकलं असेल, पुन्हा विचारा." यांनी मान हलवली. आकडा चुकीचा ऐकणारा माणूस नाही तो.

तुम्ही लहानपणी काट्यावर जाऊन बसायचात, तेव्हा तुम्हीही ऐकलं असेल. कागदावरच्या वजनापेक्षा ट्रक हलका भरला की हे ड्रायव्हरवर कधी ओरडायचे नाहीत. खिडकीतून वाकून, अगदी हळू आवाजात विचारायचे, "माल कुठे उतरवलास?" कितीही बेरकी माणूस असला तरी त्या आवाजापुढे त्याला खोटं बोलता यायचं नाही. काल त्याच आवाजात तुम्हाला विचारलं, "बत्तीस किलो कुठे उतरवलेस?"

आणि तुम्ही 'दादा' म्हणालात. मग पोटातली गाठ, ऑक्टोबरमधलं ऑपरेशन, आता चाललेली औषधं. खुर्चीवरून उठवत नाही म्हणून बंद केलेलं काम. शिवणयंत्र विकल्याचंही बोललात. आणि हे सगळं होत असताना मी तुम्हाला बोटींची गणितं घालत होते! तुम्हाला आळशी म्हटलं मी. हट्टी म्हटलं. ती मुंगीची अक्षरं तुम्ही कसल्या हातानं काढली असतील, आणि माझी ती पत्रं कुठल्या बिछान्यात पडून वाचली असतील. भावजी, एका शब्दानं सांगता आलं नाही? पण कुणाला सांगणार होतात म्हणा. तुमची वहिनी तर दर पत्रात स्वतःचंच रडगाणं गात होती.

फोन ठेवल्यावर यांनी सवयीनं कॅल्क्युलेटर ओढला. अठ्ठावन्न दाबले. त्यापुढे काय दाबायचं ते सुचेना. ते पुसलं, पुन्हा अठ्ठावन्न दाबले, पुन्हा पुसलं. मग म्हणाले, "माझ्या डोक्यात तो नव्वदचाच होता गं. सात वर्षं मी त्याला नव्वदच धरून चाललो होतो." आणि रडले. लग्नानंतर या माणसाला मी दुसऱ्यांदा रडताना पाहिलं. मी जवळ गेले नाही, बसू दिलं. मीही रडत होते आणि मटार सोलत होते, कारण हाताला काहीतरी हवं होतं.

संध्याकाळी दोन फोन झाले. दलालाला नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला, पांढरीसाठी दुसरं गिऱ्हाईक आहे, वाईट वाटून घेऊ नका. मग त्या मुलीला. ती जरा रागावली, तिनं पडदे शिवायलाही टाकले होते. हे म्हणाले, "माझा भाऊ राहायला येणार आहे, घर लागेल आम्हाला."

म्हणजे मला जे हवं होतं ते मिळालं, भावजी. घर राहिलं, बोट गेली. जानेवारीपासून मी मनोमन हेच मागत होते, तुमच्याकडेही हेच मागितलं होतं. आता ते हातात आलंय आणि कुठे ठेवू कळत नाही. असं नव्हतं मागितलं मी. तुम्ही नव्वद किलोचे असतात आणि दोघं मिळून मला ताईकडे टाकून समुद्रावर निघून गेला असतात, तर मी धक्क्यावर उभी राहून दोघांना शिव्या घातल्या असत्या. ते परवडलं असतं मला. खरंच परवडलं असतं.

उद्या सकाळच्या बसनं निघतोय. आधी हे एकटेच निघाले होते. मी म्हटलं, या वेळी मला मोजायला विसरू नका, आजाऱ्याचं करायला चौऱ्याहत्तर किलोचा काही उपयोग नसतो. तेव्हा जाऊन दुसरं तिकीट काढून आणलं. तुम्ही काल "येऊ नका, मी बघतो माझं" म्हणालात ते ऐकलं आम्ही, आणि सोडून दिलं. तुमच्या डॉक्टरांशी बोलायचं, आणि ते हो म्हणाले तर तुम्हाला घेऊनच परतायचं, असं यांनी ठरवलंय. खालची रस्त्याकडची खोली मी तुमच्यासाठी रिकामी केलीय, म्हणजे जिना चढायला नको. सामानाचं बघू नका, काहीही आवरू नका, स्वयंपाकाचं तर नावच काढू नका.

पोचायला उशीर होईल. बेल वाजली म्हणून दार उघडायला उठू नका. किल्ली शेजाऱ्यांकडे देऊन ठेवा, आम्ही उघडून आत येऊ.

वहिनी